नोटीस बोर्डाची राजभाषा

"आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर एक दादा राहतात," असं मी माहेरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापता थापता थांबली. माझं माहेर लालबागचं, बाबा गिरणीतले. आमच्याकडे दादा म्हणजे ज्याच्यासमोरून जाताना आवाज खाली आणायचा असा इसम.

"सोसायटीनं ठेवून कसा घेतला गं त्याला?"

"अगं, बंगाली आहेत ते. त्यांच्यात सगळ्यांनाच दादा म्हणतात."

"सगळेच दादा, तर मग मार खातो कोण?"

हा प्रश्न मी पुढे एकदा खुद्द दादांनाच विचारला. बोटांवर वाळलेला डिंक सोलत ते म्हणाले, "आमी शगळे. पाळीपाळीने."

दादांचं मराठी असं होतं. जसंच्या तसं लिहीत बसले तर वाचणाऱ्याची वाट लागेल, म्हणून मी ते बरंचसं सरळ करून लिहिते आहे. त्यात स नव्हता, व नव्हता आणि लिंग तर औषधालाही नव्हतं. बंगालीत म्हणे तो आला काय, ती आली काय, क्रियापद एकच. त्यामुळे "माझा बायको बाजारात गेला" हे वाक्य आमच्या जिन्यात रोज ऐकू यायचं. मी एकदा शहाणपणा करून चूक दाखवली, तर जिन्यातच थांबले. "टेबल ते, खुर्ची ती, पलंग तो. हे कोणी ठरवलं, दीदी? शुताराने?" त्यानंतर मी त्यांच्या चुका काढल्या नाहीत.

त्यांची बायको, जिला आम्ही सगळे बऊदी, म्हणजे वहिनी, म्हणायचो, ती मूळची नागपूरची. बंगालीच, पण तीन पिढ्या नागपुरात. तिचं मराठी आमच्याहून फर्डं. "हे माणूस घरात माझं ऐकून नाही राहिलं, अन् म्हणते भाषेला मान्यता द्या," असं ती गॅलरीतून सगळ्या बिल्डिंगीला सांगायची. दादांचं तिच्यावर एकच गाऱ्हाणं होतं, की तिचं बंगाली कच्चं आहे.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, नाहूरच्या बाजूला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा मागे नुसती खाडीची खाजणं होती आणि संध्याकाळी डासांचे ढग यायचे. दादा आग्रा रोडवरच्या एका डिंकाच्या कारखान्यात केमिस्ट होते. कोणता डिंक कशाला धरतो आणि किती दिवस धरतो, हे बघणं त्यांचं काम. त्यामुळे बोटांवर कायम पातळ पापुद्रा. बोलता बोलता तो सोलायचे, त्याच्या गोळ्या करायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. बऊदी धुण्याआधी खिसे उलटे करून ओरडायची.

माझी आणि त्यांची पहिली गाठ मात्र बिल्डिंगीत पडली नाही. मी मुलुंडच्याच एका बँकेत काउंटरवर होते, तिथे ते खातं उघडायला आले. अर्ज सगळा नीट भरलेला, फक्त सही बंगालीत. आमचे ऑफिसर चष्मा वर करून म्हणाले, "हे काय, नक्षी?"

दादांनी खिशातून एक नोट काढली. मागची बाजू वर करून कडेच्या बारीक ओळींवर बोट ठेवलं. "ही दुसरी ओळ. माझी भाषा. नोटेवर चालते, सहीत चालत नाही?" मग बोट खाली सरकवत नेलं. "आणि ही तुमची मराठी. बघा किती खाली आहे." मी दिवसभर नोटा हाताळणारी बाई. त्या ओळींकडे मी तोवर कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

ऑफिसर नरमले. "मान्यता आहे हो, नाही कुठे म्हणतो? पण आम्हाला वाचता येत नाही ना."

"वाचता येत नाही ते मान्य करायचं, त्यालाच तर मान्यता म्हणतात," दादा म्हणाले. "वाचता येतं ते काय, कोणीही मान्य करेल."

खातं उघडलं. त्यानंतर दादा बँकेत आले की आमचे ऑफिसर चहाला निघून जायचे.

मी सोसायटीची सेक्रेटरी झाले ती कुठल्या कर्तृत्वाने नाही. वार्षिक सभेच्या मध्येच मी कुकर बंद करायला वर गेले आणि खाली येईपर्यंत बिनविरोध निवडून आले होते. चेअरमनसाहेब गोदीतल्या एका ऑफिसातून निवृत्त झालेले. जन्माने मालवणकडचे, पण ते त्यांना आवडायचं नाही. कायम इस्त्रीची पँट, पायात बूट, खिशाला पेन, आणि तोंडात इंग्रजी. सोसायटीचा सगळा कारभार इंग्रजीत चालायचा. का, असं मी एकदा विचारलं.

"मराठीत लिहिलं की लोक वाद घालतात," ते म्हणाले. "इंग्रजीत लिहिलं की पाळतात."

प्रत्यक्षात इंग्रजीत लिहिलेलं कोणी वाचतच नव्हतं, त्यामुळे पाळण्याचा किंवा वाद घालण्याचा प्रश्नच यायचा नाही. चेअरमनसाहेब त्या शांततेला शिस्त म्हणायचे.

मी सेक्रेटरी झाले आणि दुसऱ्याच दिवशी दादा अर्ज घेऊन दारात. सोसायटीच्या राजभाषांमध्ये बंगालीचा समावेश करावा, असा एका ओळीचा अर्ज. सोसायटीला राजभाषा आहेत हेच मला तेव्हा कळलं. कमिटीची बैठक बसली.

"आपल्याकडे बंगाली बोलणारे किती?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"दोन," दादा म्हणाले. मग प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, "बायकोचं कच्चं आहे. दीड धरा."

"दीड माणसासाठी राजभाषा?"

"साहेब, मी ढाक्याकडचा. तेव्हाच्या पाकिस्तानात बंगाली बोलणारे निम्म्याहून जास्त होते. तरी सरकार म्हणालं, एकटी उर्दू. म्हणजे हा संख्येचा प्रश्नच नाही, हे तिथेच सिद्ध झालं. निम्म्याहून जास्त असून मिळत नाही, तर दीड असून का मिळू नये?"

तळमजल्याचे शांतिभाई, जे प्रत्येक बैठकीला वेफर्सचा पुडा घेऊन यायचे, त्यांनी पुडा दादांच्या पुढे केला. चेअरमनसाहेबांनी मला इंग्रजीत लिहायला सांगितलं की विषय विचाराधीन आहे. सोसायटीत विचाराधीन विषय म्हणजे गच्चीवरची जुनी टाकी. फुटलेली, पण कोणी हलवत नाही.

फेब्रुवारीच्या एकवीस तारखेला सकाळी दादा अनवाणी खाली उतरले. पांढरा स्वच्छ लेंगा-सदरा, हातात झेंडूची दोन फुलं. कंपाउंडला त्यांनी एकट्याने एक फेरी मारली. कोणाशी बोलले नाहीत. क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा चेंडू धरून थांबली. वरून बऊदी म्हणाली, "पायात काच गेली तर मला नका सांगू." फेरी झाल्यावर त्यांनी फुलं नोटीस बोर्डाच्या खाली ठेवली आणि बोर्डावर एक मोठा कागद चिकटवला. ठळक, सुरेख, बंगाली अक्षरात.

दुपारपर्यंत बिल्डिंगीत चार अफवा. उद्या पाणी नाही. दादांच्या घरात कोणीतरी वारलं. शांतिभाईंना वाटलं, गुजराती लोकांविरुद्ध काहीतरी आहे. चेअरमनसाहेबांची तर खात्रीच झाली की ते एकट्या त्यांच्याविरुद्ध आहे, कारण शेवटी उद्गारचिन्ह होतं. त्यांनी वॉचमनला कागद काढायला सांगितलं. वॉचमनने नखाने खरवडलं, मग पाणी मारलं, मग सुरी आणली. सुरीने प्लायवूडचा एक थर निघाला. कागद जागच्या जागी. कारखान्यात जो डिंक दादा वर्षभर तपासत होते, त्याची खरी परीक्षा आमच्या बोर्डावर झाली.

शेवटी मला पाठवलं. सेक्रेटरी म्हणून जाऊन विचारा, काय लिहिलंय.

"लिहिलंय," दादा म्हणाले, "कृपया हा कागद काढू नये!"

मी हसत सुटले. तेही हसले. बऊदीने पोहे आणले. मग मी विचारलं की हे आजच का, आणि अनवाणी का. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी बिल्डिंगीत कोणाला सांगितलं नव्हतं.

बावन्न साली ते ढाक्याला रसायनशास्त्र शिकत होते. खानावळीच्या वरच्या खोलीत राहायचे. सरकारने उर्दू हीच एक राष्ट्रभाषा म्हणून सांगितलं आणि सगळी पोरं पेटली. कोणी भाषण करायचा, कोणी घोषणा द्यायचा. दादांना चारचौघात बोलायची भीती, आवाजही बारीक. "मग मला खळ दिली," ते म्हणाले. भिंतीवर कागद चिकटवायची खळ. मैदा, पाणी आणि मोरचूद. "मोरचूद विसरला तर रात्रीत झुरळं घोषणा खाऊन टाकतात." त्यांच्या खोलीतला एक मित्र सुंदर अक्षरात कागद लिहायचा, आणि दादा खाली खानावळीच्या चुलीवर खळ ढवळायचे. आचारी शिव्या द्यायचा, कारण भाताला तेच पातेलं लागायचं.

"त्या दिवशी, एकवीस फेब्रुवारीला, जमावबंदी होती. पोरं छोट्या छोट्या टोळ्या करून बाहेर पडली. मी चुलीपाशी. खळ अर्धी सोडली तर गाठी होतात, म्हणून मी ढवळत राहिलो. मग आवाज आले. आम्हाला वाटलं अश्रुधूर. मग लोक पळत आले, म्हणाले गोळी." त्यांनी बोटावरचा एक पापुद्रा सोलून खिशात टाकला. "सकाळी कागदांवर घोषणा होत्या. संध्याकाळच्या कागदांवर नावं होती. खळ तीच. त्याच पातेल्यातली."

मी हातातली बशी खाली ठेवली. बऊदी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही हे इतकं सगळं कधी ऐकलं नसावं, असं तिच्या तोंडावरून वाटलं.

"त्या मेलेल्या पोरांसाठी तिकडे दर वर्षी अनवाणी फेरी निघते. पुढे मान्यता मिळाली," दादा म्हणाले. "मग तर देशच वेगळा झाला. तोपर्यंत मी इकडे डिंक करत होतो."

"आणि तो मित्र? अक्षरवाला?"

"तो तिकडे मोठा साहेब झाला. दर नव्या वर्षाला मला कार्ड पाठवतो." त्यांनी कपाटावरचं कार्ड काढून दाखवलं. सोनेरी कडा, आत लफ्फेदार अक्षर. इंग्रजीत.

त्या दिवसापासून माझं दादांकडे बघणं बदललं असं म्हणायला छान वाटतं, पण खरं सांगायचं तर पुढच्याच आठवड्यात त्यांनी सोसायटीचा गच्चीचा नियम बंगालीत मागितला आणि मी त्यांना दार उघडलं नाही.

खरा पेच पडला तो माशांवरून. खाडीकडच्या कोळीवाड्यातून हिरूबाय पाटी घेऊन यायची. जाडजूड, नऊवारी नेसलेली, बोलायला चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे. जिन्याखाली बसायची आणि दादा पहिले गिऱ्हाईक असायचे. दोघांची रोज भांडणं. दादा म्हणायचे, ही भेटकी. ती म्हणायची, जिताडा. "भेटकी!" "जिताडा!" मासा तोच, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. महिन्याभराने तोड निघाली. त्यांनी जिताडा म्हणायचं, तिने भेटकी म्हणायचं. त्यानंतर दोघंही चुकीचं बोलायचे आणि सुखात होते.

बिल्डिंगीतली निम्मी घरं शाकाहारी. वासाची तक्रार आली. चेअरमनसाहेबांनी लगेच टाइप करून नोटीस लावली, अर्थात इंग्रजीत. मासे विकणाऱ्यांना आवारात मनाई. दुसऱ्या दिवशी हिरूबाय नेहमीसारखी आली, तर वॉचमनने तिला फाटकातच अडवलं आणि बोर्डाकडे बोट दाखवलं. गलका ऐकून मी, चेअरमनसाहेब आणि दादा, तिघंही खाली पोचलो.

"नोटीस लावली आहे ना," चेअरमनसाहेब म्हणाले.

"कुटं लावलीस?"

"ती काय, भिंतीवर."

"भिंतीला सांगलास, तर भिंत ऐकल," हिरूबाय म्हणाली. "मना कोन सांगलाय?"

दादांचा चेहरा असा उजळला की मला धोका कळला. "बरोबर!" ते ओरडले. "जिच्यासाठी हुकूम काढला तिच्या भाषेत नाही, म्हणजे हुकूम रद्द!"

"दादा," चेअरमनसाहेब म्हणाले, "तुम्हाला नक्की काय पाहिजे? बंगाली की मराठी? एक काय ते ठरवा."

"आज मराठी. माझी नंतर."

आणि मुंबईत, मराठी चेअरमन, मराठी सेक्रेटरी असलेल्या सोसायटीत, मराठीसाठी एका बंगाल्याने सत्याग्रह पुकारला. नोटीस मराठीत लागेपर्यंत आपण मासा खाणार नाही. बंगाली माणसाने मासा सोडणं म्हणजे काय हे कळायला बऊदीकडे बघावं लागायचं. तिला धड जेवण जाईना. "नवरा भात चिवडून राहिला," ती मला सांगायची, "मी कोणत्या तोंडानं खाऊ?" हिरूबाय फाटकाबाहेर रस्त्यावर बसू लागली, तिथे ऊन. माल खराब व्हायचा. तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळं त्या पाटीवर. हे तिने कधी रडून सांगितलं नाही, भाव करताना रागाने सांगितलं. दादा संध्याकाळी कारखान्यातून येऊन बोर्डाखाली खुर्ची टाकून बसायचे, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, "मासा बंद".

इथेच घोटाळा झाला. शांतिभाईंनी ती पाटी वाचली. त्यांना भरून आलं. तिसऱ्या दिवशी ते घरची माणसं घेऊन आले आणि त्यांनी दादांच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला. "दादा, तुमने तो कमाल कर दिया. इस उमर में छोडना आसान नहीं." शेजारच्या बिल्डिंगीतूनही लोक आले. कोणी डब्यातून ढोकळा आणला. एक बाई पाया पडली आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, बघा, बंगाली असून सोडलं, तुम्हाला सिगारेट सुटत नाही.

"मी शाकाहारी नाही झालो!" दादा हारातून ओरडत होते. "हा निषेध आहे! निषेध!"

"हां हां, विरोध," शांतिभाई प्रेमाने म्हणाले, "हिंसा का विरोध."

त्या रात्री बऊदी हसून हसून रडली, मग नुसतीच रडली, आणि सकाळी तिने मला येऊन बजावलं, "सेक्रेटरी, सभा लाव. नाहीतर हे माणूस मरते अन् लोक त्याला आरती करतात."

मी सभा लावली. चेअरमनसाहेब नाराज. गच्चीवर सतरंज्या टाकल्या. दादा बोलायला उभे राहिले, मराठीत. चारचौघात बोलायची भीती गेलेली नव्हती. म्हणून भाषण कागदावर लिहून आणलं होतं. "माझा भाषा आणि तुमचा भाषा दोघी भाऊ आहे," अशी सुरुवात झाली आणि गच्ची हसायला लागली. मागची पोरं तर लोळायला लागली. दादा थांबले. कागद खिशात ठेवला.

"हसा," ते म्हणाले. "मी तुमच्या भाषेत चुकलो म्हणून हसता ना? छान. तुम्हाला ती येते म्हणून हसता. मग त्या बाईला हाकलताना ती का वापरत नाही? हाकलायला इंग्रजी, हसायला मराठी?"

हसणं थांबलं. पोरं उठून बसली. मी हात वर केला, मग एकेक करत हात वर झाले. शांतिभाईंनीही हात वर केला. मला वाटतं, त्यांना अजून तो शाकाहाराचाच ठराव वाटत होता. ठराव झाला की यापुढे नोटिसा मराठीत लागतील.

दादा जिंकले. घरी जाऊन त्यांनी मासा खाल्ला, आणि आनंदाच्या भरात नवी मराठी नोटीस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डिंकाने बोर्डावर चिकटवायची जबाबदारी घेतली. ती चिकटवून झाल्यावर त्यांनी ती वाचली. मराठीत लिहायचंच झालं तर भारदस्त लिहू, असं ठरवून चेअरमनसाहेबांनी शब्दकोश उघडून मजकूर केला होता: "मत्स्यविक्रेत्यांस सदर संकुलात प्रवेश निषिद्ध आहे."

हिरूबाय आली. मी तिला नोटीस वाचून दाखवली. तिने नीट ऐकलं.

"मत्स्य कोन?"

"म्हणजे मासे."

"मंग मासली लिवाची. ह्या दुसऱ्या कोनाला लिवलाय," असं म्हणून ती पाटी घेऊन आत येऊन बसली.

चेअरमनसाहेबांनी कपाळावर हात मारला. दादा मात्र गंभीर झाले होते. "चूक आपली आहे, साहेब. ही मराठी तिची नाही. तुम्ही समोर उभे राहून तिला कळेल असं सांगा, ती जाईल. मी स्वतः फाटक उघडीन."

झालं. चेअरमनसाहेब तरातरा जिन्याखाली गेले. मागे मी, दादा आणि शांतिभाई. "हे बघा बाई," त्यांनी सुरुवात केली, "सोसायटीचा असा ठराव..." हिरूबायने त्यांच्याकडे लक्ष न देता पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. वर मोरी होती, शार्कचं पिल्लू. छोटी, ताजी, चकचकीत मोरी. चेअरमनसाहेबांचं वाक्य तिथेच थांबलं. ते वाकले. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता उकिडवे बसले.

"गो बाय," ते हळूच म्हणाले, "ही मोरी तुका खंयसून गावली?"

त्या माणसाच्या तोंडून असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. तो आवाज वेगळ्याच कोणाचा तरी होता, लहान, उघड्या अंगाच्या, समुद्राकाठच्या पोराचा.

"साहेब क्या बोला?" शांतिभाईंनी विचारलं. "कौनसी भाषा?"

"मातृभाशा," दादा म्हणाले.

चेअरमनसाहेबांनी मोरी घेतली. हिरूबायला उठायला कोणी सांगितलं नाही. नोटीस काढायचं मात्र राहून गेलं, म्हणजे काढायला गेलो तर निघाली नाही. त्यामुळे आमच्या बिल्डिंगीत कितीतरी वर्षं मत्स्यविक्रेत्यांस प्रवेश निषिद्ध होता आणि त्या नोटिशीला पाठ टेकून हिरूबाय मासे विकत होती. पाहुणे चक्रावायचे. शांतिभाईंच्या घरच्यांनी वासासाठी उदबत्तीचा खर्च वाढवला आणि दादांशी बोलणं थोडं कमी केलं. आपला माणूस घसरला, असं त्यांना वाटत होतं.

ठरावाचा दुसरा परिणाम असा की आता ज्याला त्याला आपली भाषा आठवली. बोर्डावर गुजराती आली, तमिळ आली, कोणीतरी तुळूत काहीतरी लावलं. प्रत्येक जण फक्त आपलं वाचायचा आणि दुसऱ्याचं आपल्याविरुद्ध असेल असं धरून चालायचा. पाणी कधी येणार हे मात्र कुठल्याच भाषेत लिहिलेलं नसायचं. मी दादांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "दीदी, मान्यता मिळणं वेगळं, वाचणं वेगळं. एका आयुष्यात एकच होतं." बंगालीचा त्यांचा मूळ अर्ज अजून विचाराधीनच होता. ते दर वर्षी मला आठवण करून द्यायचे, मी दर वर्षी हो म्हणायचे.

दशक संपत आलं तेव्हा दादांना कारखान्यात अर्धांगवायूचा झटका आला. मुलुंडच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. जीव वाचला, उजवा हात गेला. बोलणं काही दिवसांनी परत आलं, पण सगळं नाही. इंग्रजी गेली, हिंदी गेली, आमच्यासाठी कमावलेलं मराठी गेलं. उरलं ते फक्त ढाक्याकडचं, लहानपणीचं, गावाकडच्या वळणाचं बंगाली. नर्स केरळच्या, डॉक्टर सिंधी. ते बोलायचे, कोणाला कळायचं नाही. बऊदी उशाशी बसून मान हलवायची. एका दुपारी ती मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अर्धंच समजून राहिलं मला. तीस वर्षं म्हणाले, नीट शीक, नीट शीक. मी हसण्यावारी नेलं."

आत दादा आढ्याकडे बघून काहीतरी मागत होते, पुन्हा पुन्हा, तोच शब्द. पाणी दिलं, ते नव्हतं. उशी वर केली, ते नव्हतं. चिडून त्यांनी डाव्या हाताने चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात चेअरमनसाहेब भेटायला आले. हातात मोसंब्यांची पिशवी, पायात चपला. बूट नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी बऊदीला म्हटलं, तुम्ही दोघी जाऊन चहा घेऊन या, मी बसतो. आम्ही चहा घेऊन आलो तर दारातूनच आवाज ऐकू आले. आम्ही थांबलो. चेअरमनसाहेब खुर्ची पलंगाला लावून बसले होते आणि चक्क मालवणीत बोलत होते. त्यांच्या गावचा ओहोळ, कोणीतरी बुडालेलं, कोणाचं तरी लग्न. मग थांबायचे. मग दादा बोलायचे, त्यांच्या बंगालीत, सावकाश, जीभ जड. चेअरमनसाहेब ऐकून घ्यायचे, "होय तर" म्हणायचे, आणि मग पुन्हा त्यांची पाळी. दादा भिंतीकडून वळून त्यांच्याकडे तोंड करून पडले होते. एकदा तर ते हसले, अर्ध्या चेहऱ्याने.

बऊदी आत जायला निघाली, मी तिचा हात धरला. चहा कपात निवला तरी आम्ही तिथेच उभ्या राहिलो.

चेअरमनसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. जिना उतरता उतरता मी विचारलं, "काय म्हणत होते दादा?"

ते रेलिंग धरून थांबले.

"माका कायेक कळूक नाय," ते म्हणाले. "पण तेचा म्हणणा बरोबर होता."